माणूस कशावरून ओळखावा? डॉ. इरावती कर्वे यांच्या संशोधनाची ओळख

वाशीम जिल्ह्यातील रिसोड तालुक्यात रिठद नावाचे गाव आहे. समजा, या गावातील शंभर घरांची पाहणी करण्याचे काम तेथील आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांवर सोपवले. प्रत्येक घरातील मोठ्या माणसांना एकच प्रश्न विचारायचा : "तुम्ही लहानाचे मोठे कोणत्या गावी झालात?" वहीची पाने भरत गेली की एक गोष्ट सहज लक्षात येईल. बहुतेक पुरुषांच्या नावापुढे 'रिठद' असे लिहिलेले असेल, आणि बहुतेक विवाहित स्त्रियांच्या नावापुढे दुसऱ्याच एखाद्या गावाचे नाव असेल.

प्रश्न "तुमचा जन्म कोठे झाला?" असा का विचारला नाही? कारण आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. त्यामुळे पुष्कळ पुरुषांचे जन्मगावही त्यांच्या आईचे माहेर असेच निघेल आणि आपला हिशेब चुकेल. भारताच्या जनगणनेतही पूर्वी फक्त जन्मस्थान विचारत असत. १९७१ पासून 'यापूर्वी कोठे राहत होता' हा प्रश्नही विचारला जाऊ लागला. प्रश्न कसा विचारावा, हासुद्धा शास्त्राचाच भाग आहे.

स्थलांतर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मुंबई-पुण्याला कामासाठी जाणारी किंवा ऊसतोडीला निघालेली माणसे येतात. परंतु २००१ आणि २०११ या दोन्ही जनगणनांत स्त्रियांच्या स्थलांतराचे सर्वांत मोठे कारण लग्न हेच आढळले. कोट्यवधी मुली एका गावातून उठून दुसऱ्या गावी जातात. पण हे इतके नेहमीचे आहे की त्याला स्थलांतर म्हणावे असे कोणाच्या मनातही येत नाही.

नेहमीच्या गोष्टींकडे शास्त्रज्ञाच्या नजरेने पाहणाऱ्या एका मराठी विदुषीची ओळख आज आपण करून घेऊ. त्यांचे नाव डॉ. इरावती कर्वे. त्यांचा विषय होता मानवशास्त्र. माणसाचे शरीर, त्याची नातीगोती, चालीरीती, भाषा, गावे आणि जातीजमाती यांचा पद्धतशीर अभ्यास म्हणजे मानवशास्त्र.

नदीचे नाव मिळालेली मुलगी

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, म्यिंज्यान या गावी झाला. त्यांचे वडील गणेश हरी करमरकर तेथे एका कापूस कंपनीत अभियंता होते. त्या देशातील इरावती नदीवरून मुलीचे नाव ठेवण्यात आले. म्हणजे त्यांच्या स्वतःच्या आयुष्याची सुरुवातच एका स्थलांतरित मराठी कुटुंबात झाली.

सातव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी पुण्याला हुजूरपागेत पाठवण्यात आले. पुढे रँग्लर र. पु. परांजपे यांच्या घरी त्या राहिल्या. फर्ग्युसन महाविद्यालयातून १९२६ साली तत्त्वज्ञान घेऊन त्या बी. ए. झाल्या. त्यानंतर मुंबई विद्यापीठात प्रा. गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी समाजशास्त्राचा अभ्यास केला आणि १९२८ साली एम. ए. ची पदवी मिळवली. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव, रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर कर्वे यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. विवाहानंतर पदव्युत्तर शिक्षण आणि पुढे परदेशी संशोधन, हा मार्ग त्या काळी फारच थोड्या स्त्रियांना मिळे.

बर्लिनमधील कवट्या

१९२८ साली इरावतीबाई जर्मनीला गेल्या. बर्लिन येथील कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्था नुकतीच, १९२७ साली, स्थापन झाली होती. तिचे संचालक ऑयगेन फिशर हे त्या काळचे नामांकित शास्त्रज्ञ. माणसांचे 'वंश' असतात, त्यांतील काही श्रेष्ठ व काही कनिष्ठ असतात, आणि हा फरक शरीर मोजून दाखवता येतो, असे तेथे मानले जाई.

फिशर यांनी इरावतीबाईंना संशोधनासाठी जो विषय दिला, तो असा : माणसाच्या कवटीची उजवी आणि डावी बाजू तंतोतंत सारखी नसते; या विषमतेचा वंशाशी काही संबंध आहे काय? गोऱ्या युरोपीय लोकांच्या कवटीत ही विषमता जास्त असावी आणि तिचे नाते वरचढ बुद्धीशी असावे, असे फिशर यांचे अनुमान होते. संस्थेच्या संग्रहात युरोपातील कवट्या होत्या, तशाच जर्मनीच्या आफ्रिकेतील वसाहतींमधून आणलेल्याही होत्या. ज्यांच्या त्या कवट्या होत्या त्यांना किंवा त्यांच्या नातेवाइकांना कोणी विचारले नव्हते, हेही ध्यानात ठेवावे.

इरावतीबाईंनी दीडशेच्या आसपास कवट्या घेऊन उजवी बाजू, डावी बाजू अशी बारकाईने मोजमापे घेतली. आकडे मांडले, पडताळून पाहिले. निष्कर्ष निघाला तो असा : विषमता सगळ्याच कवट्यांमध्ये आहे, परंतु तिचा वंशाशी संबंध दिसत नाही.

म्हणजे गुरूचे अनुमान चुकीचे ठरले! परक्या देशात, परक्या भाषेत, पदवी ज्यांच्या हाती आहे त्यांच्याच विरुद्ध जाणारा निष्कर्ष पंचविशीच्या आतील एका विद्यार्थिनीने प्रबंधात जसाच्या तसा लिहिला. १९३० साली त्यांना डॉक्टरेट मिळाली.

या गोष्टीचे मोल पुढील काही वर्षांत स्पष्ट झाले. १९३३ साली हिटलरचे राज्य आले. फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि त्यांच्या संस्थेने नाझी सरकारच्या वंशविषयक धोरणाला शास्त्राचा आधार पुरवला. जर्मन माता आणि आफ्रिकी पिता यांच्या शेकडो मुलांवर, त्यांना पुढे संतती होऊ नये म्हणून, १९३७ साली बळजबरीने शस्त्रक्रिया करण्यात आल्या. त्यासाठी मुलांची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांत या संस्थेचे लोक होते. मोजपट्टी निरुपद्रवी दिसते. पण उत्तर आधीच ठरवून ती हाती घेतली तर काय अनर्थ होतो, याचे हे उदाहरण आहे.

सरासरीने फसू नये

येथे एक साधा हिशेब समजून घेऊ. एका शाळेत नववीच्या दोन तुकड्या आहेत. 'अ' तुकडीतील मुलांची सरासरी उंची १५० सेंटिमीटर आणि 'ब' तुकडीची १५२ सेंटिमीटर भरली. दोन्ही तुकड्यांत १३८ पासून १६५ सेंटिमीटरपर्यंत उंचीची मुले आहेत. आता एका मुलाची उंची १५१ सेंटिमीटर आहे एवढेच सांगितले, तर तो कोणत्या तुकडीतला हे सांगता येईल काय? मुळीच नाही. दोन तुकड्यांच्या सरासरीतला फरक २ सेंटिमीटर, आणि एकाच तुकडीतल्या मुलामुलांतला फरक मात्र २७ सेंटिमीटरपर्यंत!

मनुष्यजातीचेही असेच आहे. १९७२ साली अमेरिकेतील आनुवंशिकीतज्ज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी जगभरच्या लोकांच्या रक्तातील घटकांचा अभ्यास करून दाखवले की, माणसामाणसांतील आनुवंशिक फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आत आढळतात. निरनिराळ्या समूहांमधील फरकाचा वाटा त्या मानाने अगदी थोडा.

चादर की वाकळ?

भारतात परतल्यावर इरावतीबाईंनी काही वर्षे महिला विद्यापीठात कुलसचिव म्हणून काम केले. १९३९ साली पुण्यात डेक्कन कॉलेज संशोधन संस्था सुरू झाली तेव्हा त्या तेथे दाखल झाल्या आणि अखेरपर्यंत तेथेच राहिल्या. मोजमापाची उपकरणे बरोबर घेऊन त्या खेडोपाडी, डोंगरात, आदिवासी पाड्यांत हिंडल्या. पश्चिम खानदेशातील भिल्लांचा त्यांनी अभ्यास केला. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांच्याबरोबर गुजरातमधील लांघणज येथे अश्मयुगीन माणसांचे सांगाडे उकरून काढण्याच्या कामातही त्या होत्या.

या भटकंतीतून त्यांच्यापुढे एक मोठा प्रश्न उभा राहिला : आपल्या समाजात इतक्या जाती आल्या कोठून?

दोन उत्तरे संभवतात. एक अंथरायची मोठी चादर घ्यावी आणि तिचे तुकडे करावेत, तसा मूळचा एकच समाज फाटत गेला व जाती झाल्या, हे पहिले उत्तर. प्रा. घुर्ये यांचा कल साधारणपणे या बाजूचा होता. दुसरे उत्तर वाकळीसारखे आहे. वाकळीत निरनिराळ्या लुगड्यांचे, धोतरांचे तुकडे असतात. ते मूळचेच वेगळे. शिवणाऱ्या हातांनी त्यांना एकत्र आणलेले असते. इरावतीबाईंचा कौल या दुसऱ्या बाजूला पडला.

त्यांनी कुंभारांचे उदाहरण घेतले. महाराष्ट्रात कुंभार ही एक जात आहे असे आपण म्हणतो. पण त्यांत मोठे चाक वापरणारे, लहान चाक वापरणारे असे निरनिराळे गट आहेत, आणि त्यांच्यात परंपरेने एकमेकांशी सोयरीक होत नसे. नाव एक, धंदा एक, परंतु गट वेगळे. म्हणून लग्ने ज्याच्या आत होतात तो लहान गट हाच अभ्यासाचा खरा घटक धरावा, असे त्यांनी प्रतिपादन केले. 'जात' या मोठ्या नावाखाली असे अनेक गट एकत्र आलेले असतात. १९६८ साली कैलाशचंद्र मल्होत्रा यांच्यासमवेत त्यांनी महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण पोटजातींची शारीरिक तुलना प्रसिद्ध केली. सामाजिक दर्जा सारखा असूनही हे गट शरीरदृष्ट्या एकसारखे नाहीत, असे तीत दिसून आले.

आता हीच दृष्टी घेऊन वाशीम जिल्ह्याकडे पाहा. या जिल्ह्यात बंजारा समाजाचे तांडे आहेत. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे त्यांचे मोठे श्रद्धास्थान. एके काळी हे लोक बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून मुलूखभर व्यापार करीत. आगगाडी आल्यावर तो व्यापार बुडाला आणि तांडे जागोजागी स्थिरावले. त्यांची स्वतःची गोरबोली आहे. याच भागात आंध लोकही राहतात. ते मराठी बोलतात. सरकारी यादीत आंध ही अनुसूचित जमात आहे. बंजारा मात्र महाराष्ट्रात विमुक्त जातींत, कर्नाटकात अनुसूचित जातींत आणि तेलंगणात अनुसूचित जमातींत मोडतात! माणसे तीच, बोली तीच, पण राज्याची सीमा ओलांडली की कागदावरील ओळख बदलते. आदिवासी कोण, मूळचे कोण, हा प्रश्न नुसती भाषा किंवा नुसते शरीर पाहून सुटत नाही. त्या लोकांचा इतिहास, त्यांच्या सोयरिकी, त्यांचे धंदे आणि राज्यकर्त्यांनी केलेले कायदे हे सगळेच पाहावे लागते.

मामंजी आणि आत्याबाई

इरावतीबाईंचा सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ भारतातील आप्तसंबंधांवर आहे. तो १९५३ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्यासाठी त्यांनी देशभरच्या भाषांतील नात्यांचे शब्द गोळा केले आणि त्यांवरून भारताचे उत्तर, मध्य, दक्षिण व पूर्व असे चार विभाग कल्पिले.

शब्दांवरून समाज कसा ओळखावा? एक उदाहरण घेऊ. जुन्या रीतीच्या मराठी घरात सून सासऱ्याला 'मामंजी' आणि सासूला 'आत्याबाई' म्हणत असे. असे का बरे? महाराष्ट्रात पुष्कळ जातींमध्ये मामाची मुलगी करण्याची चाल होती. मुलाने मामाची मुलगी केली म्हणजे त्या मुलीने आपल्या आत्याचा मुलगा केला. तेव्हा तिची सासू ही तिची खरोखरच आत्या झाली, आणि आत्याच्या नवऱ्याला अनेक ठिकाणी मामाच म्हणतात. चाल मागे पडली, नात्यात नसलेल्या घरी लग्ने होऊ लागली, तरी शब्द मात्र टिकून राहिले. जमिनीत सापडणाऱ्या जीवाश्मासारखेच हे शब्द आहेत.

उत्तर भारतात याच्या उलट स्थिती आहे. तेथे अनेक जातींत वडिलांचे, आईचे आणि दोन्ही आज्यांचे गोत्र वर्ज्य असते. मुलगी आपल्या गावात तर देत नाहीतच. शक्यतो दूर देतात. तेथील नववधू अगदी परक्या माणसांत जाते. दक्षिणेत मामेभाऊ, आतेभाऊ, काही ठिकाणी तर सख्खा मामाही वर म्हणून चालतो. त्यामुळे मुलगी ओळखीच्याच घरात जाते. महाराष्ट्र मध्य विभागात येतो. उत्तर आणि दक्षिण यांचे वळण आपल्याकडे एकमेकांत मिसळलेले दिसते.

हा नुसता शब्दांचा खेळ नव्हे. स्त्रीला घरात बोलता येते की नाही, तिने पदर किती ओढायचा, अडचणीत माहेर किती जवळ, हे पुष्कळसे या रचनेवर अवलंबून असते. इरावतीबाईंनी स्त्रीच्या स्थितीचा विचार असा नात्यांच्या जाळ्यातून केला. महाभारतातील व्यक्तींवर त्यांनी लिहिलेल्या 'युगान्त' या पुस्तकातही गांधारी, कुंती, द्रौपदी यांच्याकडे त्यांनी याच नजरेने, म्हणजे कोणाच्या तरी मुली, सुना व आया म्हणून जगलेल्या माणसांसारखे पाहिले. या पुस्तकाला १९६८ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

धरण झाले, सोयरे दुरावले

लग्नाने होणारे स्थलांतर रीतीप्रमाणे होते. पण सारे गावच उठले तर? कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली सातारा जिल्ह्यातील अनेक गावांची जमीन गेली. काही कुटुंबे डोंगरात वर सरकली, तर काही रत्नागिरी, ठाणे, सोलापूर अशा दूरच्या जिल्ह्यांत गेली. या लोकांचे पुढे काय झाले, याची पाहणी इरावतीबाईंनी आपल्या कन्या जाई निंबकर यांच्याबरोबर केली. तिचा अहवाल १९६९ साली प्रसिद्ध झाला. पुनर्वसनाची आखणी पुरेशा विचाराने झाली नव्हती, हे त्यातून पुढे आले.

यात मानवशास्त्राचे काय काम, असे कोणी विचारील. अभियंता पाणी मोजतो, तलाठी जमीन मोजतो. पण पेरणीला बैल उसना देणारा भाऊबंद, बाळंतपणाला धावून येणारी मावशी, मुलीसाठी स्थळ सुचवणारा मामा यांची मोजदाद कोण करणार? गाव म्हणजे नुसती घरे नव्हेत. भोवतालच्या पंचक्रोशीत पसरलेले नात्यांचे जाळे म्हणजे गाव. गावकरी चार दिशांना विखुरले की ते जाळे तुटते, आणि त्याची भरपाई रुपयांत करता येत नाही. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ साली झाला. तो पाहण्यास इरावतीबाई नव्हत्या. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले होते.

आजचे विज्ञान काय सांगते?

इरावतीबाईंच्या सगळ्याच पद्धती आज वापरात नाहीत. डोके, नाक, उंची यांची मापे घेऊन समूहांची तुलना करण्याचे काम त्यांनी अखेरपर्यंत चालू ठेवले. अशा मापांवर आहाराचा व परिस्थितीचाही परिणाम होतो. अमेरिकेतील मानवशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी तर १९१२ सालीच दाखवले होते की, युरोपातून स्थलांतर करून आलेल्यांच्या अमेरिकेत जन्मलेल्या मुलांची डोकी आईबापांच्या डोक्यांपेक्षा मापाने थोडी निराळी असतात. आज अशा प्रश्नांसाठी डी.एन.ए. तपासतात.

पण त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र जिवंत राहिला. २०१३ साली हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील आणि अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी भारतीय उपखंडातील ७३ समूहांच्या डी.एन.ए.चा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात येथील निरनिराळे लोक एकमेकांत मोठ्या प्रमाणावर मिसळले. त्यानंतर गटातल्या गटात लग्ने करण्याची रीत घट्ट झाली, असे त्यातून दिसते. म्हणजे आज जे स्वतःला अगदी वेगळे समजतात, त्यांचेही पूर्वज एकमेकांत मिसळलेले आहेत. आणि लग्नाची कुंपणे निसर्गाने घातलेली नसून ती माणसांनी, इतिहासाच्या एका काळात घातलेली आहेत.

करून पाहा

रिठद असो की तुमचे गाव, ही पाहणी तुम्हालाही करता येईल.

१. आपल्या घरातील आई, आजी, काकू, वहिनी यांची माहेरची गावे लिहा व तालुक्याच्या नकाशावर दाखवा. आजीचे माहेर जास्त दूर आहे की आईचे? प्रत्येकीचे अंतर किलोमीटरमध्ये लिहून सरासरी काढा.

२. नात्याचे वीस शब्द आजीला विचारून लिहा. वर्गात मराठी, गोरबोली, हिंदी, उर्दू असे निरनिराळे बोलणारे विद्यार्थी असतील, तर त्यांचे शब्द शेजारी मांडा. एका भाषेत दोन नात्यांना एकच शब्द आणि दुसरीत वेगवेगळे शब्द, असे कोठे आढळते का?

३. गावातून कामासाठी बाहेर जाणारे व बाहेरून गावात आलेले, अशा दोन याद्या करा. लग्न होऊन आलेल्या स्त्रियांना दुसऱ्या यादीत घालण्यास विसरू नका.

दोन पथ्ये मात्र पाळा. ज्याला विचारायचे त्याची आधी परवानगी घ्या, आणि सांगितलेली खासगी गोष्ट चारचौघांत उघड करू नका. बर्लिनमधल्या कवट्यांना कोणी विचारले नव्हते. आपण मात्र जिवंत माणसांना विचारत आहोत. आणि उत्तर आपल्या अपेक्षेविरुद्ध आले, तर वहीतला आकडा बदलू नका. आपली अपेक्षा बदला.